तुम्ही विचारलंत म्हणून: क्लाउडवरचा डेटा ॲपमध्ये उतरवावा की जोडावा?

यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांतल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांना मी पॉवर ॲप्सवर (मायक्रोसॉफ्टचे ॲप बनवण्याचे साधन) कामकाजाची ॲप्स तयार करून देतो. संचालकांच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो: "सभासदांची यादी, काटापावत्या (मालाच्या वजनाच्या पावत्या), बाजारभाव, सगळं आधीच क्लाउडवर आहे, मग ते ॲपमध्ये उतरवून घ्यायचं, की आहे तिथेच ठेवून जोडायचं?" माझे उत्तर असे की, जी माहिती दुसरा कोणी सांभाळतो ती जोडावी, आणि जी तुमच्या माणसाच्या हातून लिहिली जाते ती आपल्याच टेबलात ठेवावी.

बाजारभाव पहिल्या प्रकारात मोडतात. बाजार समित्यांचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर केंद्र सरकारच्या खुल्या डेटाच्या संकेतस्थळावर एपीआयद्वारे, म्हणजे दुसऱ्या ॲपला थेट मागवता येतील अशा रूपात, उपलब्ध आहेत. ते रोज हाताने शीटमध्ये उतरवू लागलात, तर ज्या दिवशी उतरवणारा माणूस लग्नाला जाईल त्या दिवशी कालचा भाव आजचा म्हणून दिसेल, आणि त्यावर भरवसा ठेवून शेतकरी कापूस विकेल किंवा थांबवेल. कस्टम कनेक्टरने, म्हणजे आपण स्वतः तयार केलेल्या जोडणीने, ॲप त्या संकेतस्थळाला जोडले की हा धोका टळतो. मात्र तारीख तपासून घ्या: 05/11 म्हणजे आपल्याकडे 5 नोव्हेंबर, पण ॲपची भाषा अमेरिकन इंग्रजी असेल तर तेच 11 मे वाचले जाते.

खरी अडचण सभासदांच्या यादीत येते, आणि ती फार कमी लोक आधी सांगतात. गूगल शीट जोडली म्हणजे ॲप सगळी शीट शोधते, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात शोधण्याचे काम मूळ ठिकाणीच करून घेता आले नाही, तर पॉवर ॲप्स पहिल्या 500 ओळी आणते आणि तेवढ्यातच शोधते. सेटिंग बदलून ही मर्यादा जास्तीत जास्त 2000 करता येते. कंपनीचे सभासद तीन हजार असतील, तर मर्यादा 2000 केली तरी शेवटच्या हजार जणांना ॲप ओळखतच नाही, आणि चूक झाल्याचा संदेशही दाखवत नाही. पडद्यावर फक्त रिकामी यादी दिसते. भरलेली गाडी काट्यावर उभी करून थांबलेल्या बाईला "तुमचं नाव नाही" असे सांगितले जाते, तेव्हा तिच्या दृष्टीने कंपनीनेच तिला नाकारलेले असते. म्हणून मोठी यादी शेअरपॉइंट किंवा डेटाव्हर्समध्ये (माहिती साठवण्याच्या मायक्रोसॉफ्टच्याच सेवा) ठेवावी, आणि शोध सभासद क्रमांकाने किंवा नावाच्या सुरुवातीच्या अक्षरांनी घ्यावा, म्हणजे चाळणी मूळ ठिकाणीच लागते आणि हव्या त्या ओळीच फोनवर येतात. सूत्राखाली इशाऱ्याची रेघ दिसली, तर ती दुर्लक्ष करण्यासारखी कधीच नसते.

दोन याद्या जोडताना गावाच्या नावावर विसंबू नका. अमरावती जिल्ह्यात धामणगाव रेल्वे आहे, बुलढाण्यात धामणगाव बढे आहे, आणि शीटमध्ये दोन्हीकडे नुसते "धामणगाव" लिहिलेले असते. 2011 च्या जनगणनेने प्रत्येक गावाला सहा अंकी संकेतांक दिलेला आहे; तोच वापरावा.

आता काटापावती. डेटाव्हर्समध्ये व्हर्च्युअल टेबल अशी सोय आहे: माहिती बाहेरच राहते आणि ॲपला ती आपल्याच टेबलासारखी दिसते. पाहण्यापुरत्या माहितीसाठी ही सोय उत्तम आहे, पण अशा टेबलावर कोणी काय बदलले याची नोंद डेटाव्हर्स ठेवत नाही, आणि ते ऑफलाइन चालत नाही. जिनिंगच्या आवारात दुपारी नेटवर्क जाते, आणि हंगाम संपल्यावर वजनावरून वाद होतो. या दोन्ही कारणांसाठी काटापावती खऱ्या टेबलातच हवी, आणि त्या टेबलाचे ऑडिट, म्हणजे बदलांची नोंद, पहिल्या दिवसापासून चालू केलेले हवे. डेटाव्हर्ससाठी वेगळा परवाना घ्यावा लागतो, हे खरे. पण ज्या कागदावर शेतकऱ्याचे पैसे ठरतात, त्याच्यावर तो खर्च करावा, असे मला ठामपणे वाटते.

जोडणी कोणाच्या खात्यावरून केली आहे, हेही बैठकीतच विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी ती संगणक चालवणाऱ्या मुलाच्या खाजगी जीमेलवरून केलेली असते, आणि तो पुण्याला नोकरीला गेला की पासवर्डही त्याच्यासोबत जातो. कंपनीच्या नावाचे स्वतंत्र खाते उघडून, त्याचा ताबा दोन संचालकांकडे देऊन, मगच पहिली जोडणी करावी.