शेजाऱ्याला कोण आवडेल?

3 फेब्रुवारी

2020 साली आजच्याच तारखेला, सोमवारी संध्याकाळी सातला, अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाचे कॉकस, म्हणजे एकत्र जमून उघडपणे पसंती दाखवायच्या पक्षसभा, भरले. शाळांचे जिम, चर्चची तळघरं, वाचनालयं, अशी सुमारे सतराशे ठिकाणं. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडायच्या शर्यतीत तेव्हा पहिला नंबर या राज्याचा होता, त्यामुळे तिथे वर्षभर तीनच प्रश्न चघळले जात होते. माणूस आवडतो का? खरा वाटतो का? आणि ट्रम्प यांना पाडेल का?

तिसऱ्या प्रश्नाला आपल्याकडे तिकीटवाटपाच्या दिवसांत 'इलेक्टिव्ह मेरिट' म्हणतात. महाराष्ट्रात ते बंद दाराआड पक्षाचे नेते बघतात. अमेरिकेत प्रायमरी (उमेदवार ठरवायला पक्षाच्या मतदारांचं मतदान) आणि कॉकसमुळे ते ओझं थेट मतदाराच्या डोक्यावर येतं, आणि साधा मतदारही पक्षनिरीक्षकासारखा बोलायला लागतो: "माणूस चांगलाय हो, पण लोक मत देतील का?" हे 'लोक' म्हणजे कोण, ते कुणी सांगत नाही. बहुतेक वेळा बोलणाऱ्याचा शेजारी.

2020 च्या कॉकसमध्ये हा वाद आकड्यांत उतरला, म्हणून तो नीट बघण्यासारखा आहे. एका खोलीत 120 माणसं जमली आणि त्या प्रिसिंक्टला (मतदान-विभागाला) 6 डेलिगेट (पक्षाच्या पुढच्या अधिवेशनाला जायचे प्रतिनिधी) आहेत असं धरू. चार किंवा जास्त डेलिगेट असले की गट टिकायला 15 टक्के माणसं लागायची, म्हणजे इथे 18. (तीन डेलिगेट असतील तर एक षष्ठांश, दोन असतील तर 25 टक्के. अपूर्णांक आला की वर न्यायचा: 123 माणसं असतील तर 18.45 नव्हे, 19.) जो तो आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहतो. पहिली मोजणी: अ 38, ब 31, क 22, ड 16, इ 9, काठावरचे 4.

आता ड ला दोन माणसं कमी. 2020 च्या नियमाप्रमाणे अ, ब आणि क हे गट पक्के झाले, त्यांतल्या कुणाला हलता येत नाही. हलायचं ते ड, इ आणि काठावरच्यांनी. म्हणजे अख्ख्या खोलीचा डोळा इ च्या नऊ जणांवर. 'निवडून येईल का' हे शब्द सगळ्यात जास्त कानावर पडायचे ते या दहा-पंधरा मिनिटांत. "तुमचा माणूस उत्तमच, पण तो टिकला नाही ना, आमच्याकडे या, आमचा नोव्हेंबरात जिंकेल."

समजा इ चे पाच जण ड कडे गेले, चार ब कडे, आणि काठावरचे चौघे अ कडे. झाले अ 42, ब 35, क 22, ड 21. सूत्र सोपं: गटातली माणसं गुणिले डेलिगेट, भागिले एकूण हजेरी. अ 2.1, ब 1.75, क 1.1, ड 1.05. पूर्णांकात दोन, दोन, एक, एक.

आता उलट धरा. नऊच्या नऊ क कडे गेले, ड चा गट मोडला, त्याचे दहा ब कडे आणि सहा अ कडे, काठावरचे अ कडेच. झाले अ 48, ब 41, क 31. भागाकार 2.4, 2.05, 1.55. दोन, दोन, दोन. 48 वाल्यालाही दोन आणि 31 वाल्यालाही दोन! अ ला दहा माणसं वाढून मिळाली आणि डेलिगेट एकही वाढला नाही. क ला नऊ वाढली आणि डेलिगेट दुप्पट झाले. बेरीज सहाच्या वर किंवा खाली गेली तर अपूर्णांक बघून एक काढायचा किंवा घालायचा, आणि तिथेही बरोबरी झाली तर नाणेफेक.

म्हणून 'आयोवाने अमुक उमेदवाराला पसंती दिली' हे वाक्य वाचलं की आधी विचारावं, कुठल्या फेरीतली पसंती? 2020 ला पक्षाने पहिल्यांदाच तिन्ही आकडे जाहीर केले. पहिल्या मोजणीत बर्नी सँडर्स 24.7 टक्के, पीट बुटिजेज 21.3. दुसऱ्या मोजणीतही सँडर्स पुढे, पण अंतर घटलेलं: 26.5 आणि 25.1. डेलिगेटच्या हिशेबात मात्र बुटिजेज 26.2 आणि सँडर्स 26.1. बुटिजेज अनेकांची दुसरी पसंती होते, आणि दुसऱ्या फेरीत तेच कामाला आलं.


4 फेब्रुवारी

त्या रात्री काय बिघडलं तेही नोंदवून ठेवायला हवं. निकाल कळवायला नवं मोबाइल ॲप केलं होतं. त्यातून अर्धवटच माहिती पुढे जात होती. पर्याय म्हणून ठेवलेली फोनलाइन तुंबली. शिवाय हिशेबाच्या तक्त्यांत हाताने केलेल्या बेरजा-भागाकारांच्या चुका. सगळे आकडे यायला दिवस लागले. वाचवलं ते कागदाने: प्रत्येकाने पसंतीचं कार्ड भरलं होतं, एका बाजूला पहिली पसंती, दुसऱ्या बाजूला दुसरी.

त्याच्या दोन दिवस आधीची गोष्ट तर याहून बारीक आहे. आयोवातला सगळ्यात मानाचा जनमत अंदाज, डेस मॉइन्स रजिस्टरचा, शेवटच्या क्षणी मागे घेतला गेला. फोनवरून प्रश्न विचारणाऱ्या एका ऑपरेटरने स्क्रीनवरचा फॉन्ट मोठा केला होता, त्यामुळे यादीतलं बुटिजेज यांचं नाव दिसेनासं झालं आणि वाचलंच गेलं नाही. बाकी सगळं शास्त्रशुद्ध!

अंदाज वाचताना आणखी एक. हजार जणांना विचारलं तर चूक अधिक-उणे 3 टक्के. त्यातल्या अडीचशे जणांच्या उपगटाबद्दल ('तरुण मतदारांत अमुक पुढे') बोलायचं तर ती 6 च्या घरात जाते. दोन उमेदवारांतल्या अंतराची चूक त्याच्याही जवळपास दुप्पट. म्हणजे उपगटातली आठ टक्क्यांची आघाडी चहाच्या कपावर बोलायला ठीक, पैज लावायला नाही.

'आवडता' मोजायची रीत ठरलेली आहे: मत चांगलं, वाईट, की माहीत नाही? चांगल्यातून वाईट वजा केलं की निव्वळ आकडा. लोक इथेच फसतात. एकाचे 30 चांगले, 15 वाईट, म्हणजे अधिक 15. दुसऱ्याचे 48 आणि 45, म्हणजे फक्त अधिक 3. पहिला लोकप्रिय वाटतो, पण त्याला जवळपास निम्मे लोक ओळखतच नाहीत आणि विरोधकांच्या जाहिराती अजून सुरूच झालेल्या नाहीत. नव्या सुनेला पहिले आठ दिवस सगळे चांगलंच म्हणतात.

आणि आवडणं म्हणजे मत मिळणं, असंही नाही. 2016 च्या एक्झिट पोलमध्ये 18 टक्के मतदारांनी सांगितलं की क्लिंटन आणि ट्रम्प दोघंही आवडत नाहीत. या नावडीच्या गटात ट्रम्प यांना 47 टक्के पडले, क्लिंटन यांना 30. निवडणूक तिथेच सरकली.


7 फेब्रुवारी

'खरा वाटणं' हे तिघांतलं सगळ्यात निसरडं. त्याला माप नाही, म्हणून लोक बारीकसारीक खुणा पकडतात, आणि त्यातल्या बऱ्याच खाण्यापिण्याच्या. 1976 मध्ये राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी टेक्ससमध्ये सॅन अँटोनियोत टमाले खाल्ला तो मक्याच्या सालपटासकट. म्हणजे पानगी केळीच्या पानासकट चावावी तसं. टेक्ससवाल्यांना कळून चुकलं की या गृहस्थांनी हा पदार्थ आधी कधी पाहिलेला नाही. 2003 मध्ये जॉन केरी यांनी फिलाडेल्फियात चीजस्टेक (तिथलं मांस-चीजचं सँडविच) मागवताना तिथे न चालणारं स्विस चीज मागितलं आणि 'हा आपल्यातला नव्हे' हा शिक्का घट्ट झाला.

2004 मध्ये जॉर्ज बुश विरुद्ध केरी या लढतीत प्रश्न फिरला, कुणाबरोबर बिअर प्यायला बसाल? बुश जिंकायचे. बुश यांनी 1986 पासून दारू सोडलेली होती, हे कुणाला अडलं नाही. दोघंही येलचे, दोघंही बड्या घरचे. बुश यांचा जन्म कनेटिकटमधल्या न्यू हेवनचा, क्रॉफर्डचं रँच घेतलं ते 1999 मध्ये, राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचाराला लागताना. तरी खरा माणूस बुश, बनेल केरी. भूमिका आणि देहबोली जुळली की माणूस खरा वाटतो. तो खरा असायलाच हवा, अशी अट नाही.

बायकांना हे माप जास्त जाचतं, हे माझं स्पष्ट मत. 5 जानेवारी 2008 ला न्यू हॅम्पशरच्या चर्चेत हिलरी क्लिंटन यांना थेट विचारलं गेलं की मतदारांना तुमच्यापेक्षा ओबामा जास्त आवडतात, त्याचं काय? ओबामांनी कागदावरून नजर फारशी न उचलता म्हटलं, "तुम्ही पुरेशा आवडण्याजोग्या आहात, हिलरी." अंदाजांत ओबामा पुढे होते; तीन दिवसांनी तिथली प्रायमरी जिंकल्या क्लिंटन. 2018 च्या 31 डिसेंबरला डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या इच्छुक एलिझाबेथ वॉरेन यांनी इन्स्टाग्रामवर थेट प्रक्षेपणात स्वयंपाकघरात बिअर उघडली, तर ते नाटक ठरलं. न प्यायलेली बिअर बुश यांना चालली, प्यायलेली यांना नाही.

हा वाद कुणाशी घालायचाच असेल तर तीन प्रश्न वेगळे करून, याच क्रमाने विचारावेत. जादूची कांडी फिरवून निवडणुकीविना कुणाला बसवाल? मत कुणाला देणार? शेजारी कुणाला देईल असं वाटतं? पहिल्या दोन उत्तरांत फरक पडला की समजावं, माणूस स्वतःचं मत देत नाहीये, शेजाऱ्याचं देतोय. क्रम उलटा केला की पहिलं उत्तर गढूळ होतं, कारण जिंकण्याचा हिशेब एकदा डोक्यात शिरला की तो बाहेर निघत नाही.

चौथा प्रश्न: कुठला शेजारी? राष्ट्राध्यक्ष व्हायला 538 पैकी 270 इलेक्टोरल मतं लागतात, आणि ती राज्यागणिक मिळतात. 2020 ला बायडन देशभरात 70 लाखांहून जास्त मतांनी पुढे होते. पण अ‍ॅरिझोनात 10,457, जॉर्जियात 11,779 आणि विस्कॉन्सिनमध्ये 20,682 मतांचीच आघाडी. ही तीन राज्यं उलटली असती तर 269–269. म्हणजे 'निवडून येणारा' हा शब्द या राज्यांतल्या मिलवॉकी, अटलांटा, फिनिक्सच्या उपनगरांतल्या काही हजार माणसांबद्दल आहे. आणि हे बायडन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशरमध्ये पाचवे आले होते. 29 फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनाच्या कृष्णवर्णीय मतदारांनी त्यांना उचललं आणि तीन दिवसांनी, सुपर ट्यूसडेला (एकाच दिवशी अनेक राज्यांचं मतदान), तोच माणूस सगळ्यांना 'इलेक्टेबल' दिसायला लागला. चेहरा तोच, भाषणंही तीच.

न्यू जर्सीत, एडिसनच्या मराठी घरांतही हा वाद रंगला असणार. पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात आयोवाचे डेलिगेट 41, एकूण 3,979 पैकी. जेमतेम एक टक्का. पण त्यांची पाळी फेब्रुवारीत होती. न्यू जर्सीची प्रायमरी 2 जूनला होती, ती कोविडमुळे 7 जुलैला गेली, आणि मतपत्रिका बहुतेकांना टपालाने आल्या. सँडर्स 8 एप्रिललाच शर्यतीतून बाहेर पडले होते. मतपत्रिकेवर त्यांचं नाव मात्र छापलेलं होतं.