आमची वाटचाल : आधी तपासणी, मग बाटली

पालघर जिल्ह्यातल्या कोळंबी प्रकल्पांना खाद्य, चुना आणि प्रोबायोटिक पुरवणं हा आमचा मूळ धंदा. तळ्यात मर सुरू झाली की शेतकरी धावत यायचे. मागणी ठरलेली, "शेठ, काहीतरी जालीम द्या." जालीम म्हणजे अँटिबायोटिक. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांवर बंदी आहे, अंश सापडला तर निर्यातीचा माल परत येतो. 2016 मध्ये युरोपियन युनियनने आपल्या कोळंबीच्या तपासणीचं प्रमाण 10 वरून 50 टक्क्यांवर नेलं. शिवाय ज्या पाण्यात औषध पडत राहतं, तिथले व्हिब्रिओ, म्हणजे कोळंबीला आजारी पाडणारे जिवाणू, पुढे त्याला दाद देत नाहीत. ते विकायचं नाही हे पक्कं होतं, पण माणसाला रिकाम्या हाताने पाठवणंही जिवावर यायचं.

म्हणून आम्ही बॅक्टेरिओफेजकडे, थोडक्यात फेजकडे, वळलो. फक्त जिवाणूंवर जगणारे हे विषाणू. कोळंबीला, माणसाला त्यांचा त्रास नाही. जॉर्जियात त्बिलिसीला माणसांच्या जखमांवरही ते पिढ्यान्‌पिढ्या वापरले जातात.

गोदामामागच्या खोलीत लॅब थाटली. तळ्याचं पाणी 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलं की जिवाणू अडकतात, फेज खाली उतरतात. तळ्यातलेच व्हिब्रिओ वाढवून, त्यांच्यासोबत हे पाणी पातळ अगारमध्ये (जिवाणू वाढवायची जेली) मिसळून प्लेटवर ओततो. दुसऱ्या दिवशी जिवाणूंच्या दुधी थरात टाचणीच्या डोक्याएवढे स्वच्छ गोल ठिपके दिसले, म्हणजे तिथे फेजने जिवाणू मारले, की आजही लॅबमधल्या मुली हाक मारतात. गढूळ ठिपके मात्र घेत नाही. तिथला फेज जिवाणूला न मारता त्याच्या जनुकांत दडून राहणारा असू शकतो, आणि असे काही फेज जिवाणूला उलट जास्त घातक करतात.

एक फेज सगळ्या व्हिब्रिओंना मारत नाही. त्यामुळे तळ्याचा नमुना तपासल्याशिवाय फेजची बाटली द्यायची नाही, हा आमचा नियम. घाईच्या गिऱ्हाइकाला तो जाचतो, तरी मोडत नाही. जिवाणू एका फेजला सरावतात, म्हणून बाटलीत तीन-चार फेज एकत्र असतात. उन्हाने ते मरतात, तेव्हा संध्याकाळीच सोडायचे. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग विषाणूचा, तिथे फेजचा उपयोग नाही. तसं निघालं तर पैसे घेण्याऐवजी सरळ सांगतो.

सध्या जास्त काम हॅचरींचं, म्हणजे कोळंबीचं बीज तयार करणाऱ्या केंद्रांचं, आहे. टाकी लहान, पाणी मोजकं, आणि बीज तिथेच निरोगी निघालं तर तळ्यावर औषधाची वेळ कमी येते.