घोट्यावरून ओघळलेलं तेल

एप्रिल-मेमध्ये बेळगावात उन्हानं भाजलेले पेशंट रोजचेच. कॉलरपाशी, बाहीपाशी लाली एकदम तुटलेली दिसली की समजायचं ऊन. त्यात डोकं खाजवण्यासारखं काही नसतं. ही मुलगी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून आई आणि आज्जीबरोबर आली होती. उजव्या घोट्यावर पाण्यानं टचटचीत भरलेले फोड, आणि त्यांचीच एक बारीक ओळ टाचेकडे उतरलेली. ऊन असं ओघळत नाही. काहीतरी लावलेलं होतं.

आदल्या दिवशी तिकडच्याच एका डॉक्टरांनी नागीण समजून गोळ्या दिल्या होत्या. फोड ओळीनं आले की नागीण, एवढंच बघितलं असणार. पाय हातात घेऊन जरा वळवला असता तर ओघळ दिसला असता. पण पेशंटला हात लावून बघायची सवयच आता मोडत चालली आहे.

"बावची लावलीय काय?" मी विचारलं. आज्जी अजिबात दचकल्या नाहीत. "होय की. तेल लावून उन्हात बसवलं. कोडाला बावचीच लावत्यात नव्हं?"

लावतात. खोटं कशाला बोलू? बावचीच्या बियांत सोरालेन असतं, म्हणजे त्वचेला ऊन जास्त लागेल असं करणारं द्रव्य, आणि तेच आम्हीही वापरतो. अब्देल मोनेम एल-मोफ्ती या इजिप्तच्या डॉक्टरांनी सन १९४८च्या सुमारास याच वर्गातलं द्रव्य कोडावर वापरून दाखवलं. बावची आपल्या वैद्यांना त्याच्याही कितीतरी आधीपासून माहीत. म्हणजे औषध बरोबर, ऊनही बरोबर. चुकलं ते घड्याळ.

मे महिन्यात लग्न. घोट्यावर पांढरा डाग, सासरच्यांना सांगितलेला नाही. कुणीतरी तेलाची बाटली दिली, "लावा आणि उन्हात बसा" म्हणून. किती वेळ, ते सांगितलं नाही. पहिल्या दिवशी दुपारी माडीवर अर्धा तास. "काय बी झालं नाही," आई म्हणाली, "म्हणून दुसऱ्या दिवशी तासभर बसवलं. तरी बी काय नाही. खरं तिसऱ्या दिवशी रात्री आग आग सुटली बघा."

हीच खरी मेख आहे. साधं ऊन लागलं तर संध्याकाळपर्यंत त्वचा लाल होते, दुसऱ्या दिवशी कळस गाठते. सोरालेन लावलेल्या त्वचेवरचं भाजणं एक-दोन दिवस काही दाखवतच नाही आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी उसळतं. आईनं डोळ्यांनी बघून, विचार करून वेळ वाढवली होती. तिला अडाणी म्हणायची माझी तयारी नाही.

आम्ही हेच औषध देतो ते असं. लोशन दहापट पातळ करायचं. कापसाच्या काडीनं फक्त डागावर लावायचं, कडेनं झिंकचं मलम, म्हणजे ओघळ जाणार नाही. अर्धा तास थांबायचं. मग सकाळचं कोवळं ऊन, सुरुवातीला अर्धा-एक मिनिट. बारा वाजताचं नाही, उन्हाळ्यात आपल्याकडे भर दुपारी अतिनील निर्देशांक, म्हणजे उन्हातल्या भाजणाऱ्या किरणांच्या तीव्रतेचा आकडा, अकराच्याही पुढे जातो, आणि तो अतितीव्र. नंतर साबणानं धुवून डाग झाकायचा. लागोपाठ दोन दिवस कधीच नाही. आधीचा परिणाम दिसल्याशिवाय पुढचा डोस कसा ठरवणार? हे सगळं मी चिठ्ठीवर मराठीत, लागलं तर कन्नडमध्ये हातानं लिहून देतो, कारण बाटलीवरचा कागद इंग्रजीत असतो, तोही भिंगाशिवाय न दिसणारा. छापणाऱ्यांना खानापूरची आज्जी दिसतच नाही.

गोव्याच्या किनाऱ्यावर गोरे लोक रापायला पालथे पडतात, ते इथल्यांना वेडेपणाचं वाटतं. पण युरोपातही त्वचा लवकर रापावी म्हणून बर्गमॉट या लिंबाच्या जातीच्या फळाच्या तेलातलं सोरालेन घातलेली लोशनं एके काळी दुकानात मिळत. मेथॉक्सालेन हे सोरालेन आणि अतिनील 'ए' किरण ही जोडी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं माणसात कर्करोग घडवणाऱ्यांच्या पहिल्या गटात ठेवली आहे. अतिनील किरण सोडून त्वचा रापवायच्या यंत्रांनाही सन २००९मध्ये तिथंच बसवलं. रापणं हाच मुळात त्वचेनं इजेला दिलेला जबाब. आम्हीही ही जोखीम घेतो, पण हिशेब ठेवून.

मोठे फोड सुईनं रिकामे केले, कातडं तसंच ठेवलं, व्हॅसलीनची जाळी लावून पट्टी बांधली. उन्हात जायचं नाही, बसमध्ये खिडकीच्या काचेपाशीही नाही, काचेतून 'ए' किरण आत येतात.

मला छळतंय ते वेगळंच. रंग परत येतो तो बहुतेक केसांच्या मुळांतून, ठिपक्या-ठिपक्यांनी. घोट्याच्या हाडावर केस जवळजवळ नसतात, तिथं रंग यायची आशाच कमी. म्हणजे एवढं सोसून मिळायचं फारसं काही नव्हतं. उलट कोडाच्या पेशंटला जिथं भाजतं तिथं नवा डाग उठू शकतो. आणि जखम भरल्यावर भोवतालची चांगली कातडी काळवंडते, त्यामुळे डाग पहिल्यापेक्षा उठून दिसायला लागतो.

म्हणून मी त्यांना जखम भरल्यावर लावायला सनस्क्रीन लिहून दिलं, एसपीएफ ३०, डागावर आणि भोवतालीही, सढळ हातानं, बाहेर असेल तर दर दोन तासांनी. भोवतालचा रंग उतरला की फरक कमी दिसतो. आईला हे पटेना. रंग आणायला आलो आणि डॉक्टर ऊन अडवायचं मलम देतायत! कोड एकाचं दुसऱ्याला लागत नाही, नवऱ्या मुलाला बोलवा, मी समजावतो, हेही सांगितलं. त्यावर तिघीही गप्प.

उठता उठता आज्जींनी पिशवीतून बाटली काढली. निम्मी भरलेली. "हे टाकू काय? पैसं घालून आणलंय. आमच्या भाच्याच्या पोराला बी हाताला डाग हाय, त्याला देऊ?"

इथंच ठेवून जा म्हटलं. त्यांनी मान डोलावली, झाकण घट्ट केलं आणि बाटली परत पिशवीत टाकली.