ट्रेलर ओढणाऱ्या डिझेलला कंपाउंड टर्बो: छोटा कोणता, मोठा किती मोठा

मागे सहा टनांचा ट्रेलर, लांबलचक चढ, आरपीएम १९०० आणि पायरोमीटरचा (एक्झॉस्टचा ताप दाखवणाऱ्या गेजचा) काटा ७२० डिग्रीवर जाऊन बसलेला. पाय उचलला की काटा खाली येतो पण गाडी मरते, पाय दाबला की काटा परत वर. हे कंपाउंड टर्बो बसवून झाल्यानंतरचं आहे बरं का, आधीचं नाही, आणि म्हणूनच ते मनाला फार लागलं. दोन टर्बो, सगळं पायपिंग नवीन, कितीतरी रविवार गाडीखाली गेलेले आणि चढावर ताप जवळजवळ तेवढाच. त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागलो, आणि जे कळलं ते इथे सविस्तर लिहून ठेवतोय कारण हीच चूक बरेच जण करतात.

आधी नावांचा गोंधळ मिटवू. टर्बो म्हणजे एक्झॉस्टवर फिरणारी टर्बाइन आणि तिच्या जोरावर इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. कंपाउंड म्हणजे एकामागे एक लावलेले असे दोन टर्बो. मोठा टर्बो बाहेरची हवा ओढतो, थोडी दाबतो आणि छोट्याच्या तोंडात देतो, छोटा तीच हवा आणखी दाबून इंटरकूलरकडे (दाबून तापलेली हवा गार करणाऱ्या रेडिएटरकडे) पाठवतो. एक्झॉस्टचा प्रवास बरोबर उलटा, म्हणजे मॅनिफोल्डमधून आधी छोट्याची टर्बाइन आणि तिथून मोठ्याची. ट्विन टर्बो म्हटलं की लोक शेजारी शेजारी लावलेले दोन सारखे टर्बो समजतात, ते वेगळं. आणि टर्बो-कंपाउंड नावाचा प्रकार तर अगदीच वेगळा, त्यात एक्झॉस्टवर फिरणारी टर्बाइन गिअरमधून थेट क्रँकला जोर देते. पार्ट शोधताना हे शब्द उलटसुलट झाले की भलतंच काहीतरी समोर येतं. कंपनीतूनच एकामागे एक दोन टर्बो लावून आलेल्या गाड्याही आहेत, फोर्डच्या सुपर ड्यूटीतलं २००८ ते २०१० चं ६.४ लिटर डिझेल तसंच होतं, त्यामुळे ही काही फक्त शर्यतीवाल्यांची गोष्ट नाही.

आता यातली खरी गंमत अशी की दोन टर्बोंचा दाब बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. मोठ्याने हवा दुप्पट दाबली आणि छोट्याने ती परत दुप्पट दाबली तर एकूण चौपट. समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ पीएसआय (चौरस इंचावर इतके पाउंड), त्याची चौपट साधारण ५९, त्यातून बाहेरचा दाब वजा केला की गेजवर ४४ पीएसआय बूस्ट दिसतो. हेच ४४ एकट्या टर्बोकडून काढायला गेलात तर तो बहुतेक वेळा आपल्या मॅपच्या (किती हवेला आणि दाबाला तो नीट चालतो त्या आलेखाच्या) कडेला जाऊन पोचतो, शाफ्ट वेड्यासारखा फिरतो आणि हवा दाबण्यापेक्षा तापवण्याचंच काम जास्त करतो. मी हिशोब मांडून बघितला, बाहेर २७ डिग्री धरले आणि एकट्या टर्बोची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर इंटरकूलरच्या आधी हवा २५० डिग्रीच्या आसपास जाते, तोच दाब दोघांत वाटला आणि प्रत्येकजण ७६ टक्क्यांवर काम करत असला तर २२० च्या आसपास. तीस डिग्रीचा फरक, शिवाय दोघेही आपापल्या मॅपच्या मधोमध आरामात.

पण ट्रेलर ओढणाऱ्याला ४४ पीएसआय हवेत कशाला? मी इथेच चुकलो होतो.

आपल्याला नेमकी किती हवा लागते हे आधी काढायचं, टर्बोचे फोटो नंतर बघायचे. माझं इंजिन ५.९ लिटरचं, सहा सिलिंडरचं. चार स्ट्रोक म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा हवा भरते, म्हणून २००० आरपीएमला मिनिटाला ५९०० लिटर, त्यातले ९० टक्के खरे भरतात असं धरलं तर ५३०० लिटर. बूस्ट ३० पीएसआय म्हणजे साधारण तिप्पट दाब, इंटरकूलरनंतर हवा ६० डिग्रीला असेल तर घनता पावणेतीन पट होते, आणि वजनात ती हवा मिनिटाला साधारण १७ किलो भरते, मॅपच्या भाषेत ३८ पाउंड. एका किलो डिझेलला २२ किलो हवा दिली (हे प्रमाण ताप आणि धूर दोन्ही आवाक्यात ठेवतं) तर त्यातून २९० हॉर्सपॉवरच्या आसपास निघतात. तसंच २८०० आरपीएमला ५३ पाउंड हवा आणि ४०० हॉर्सपॉवर. म्हणजे माझ्या अख्ख्या कामाची हवा ३८ ते ५३ पाउंडांच्या मध्ये आहे, आणि मी घेऊन बसलो होतो ७५ मिलिमीटर इंड्यूसरचा (हवा ओढणाऱ्या चाकाच्या तोंडाचा व्यास) मोठा टर्बो, ज्याला खरी मजा याच्या कितीतरी पुढे येते. का घेतला? कारण सगळे तोच घेतात. एका विक्रेत्याने सांगितलं पुढे पॉवर वाढवायची झाली तर कामाला येईल, आणि मला ते पटलं.

आता छोट्याचं बघा. बऱ्याच जणांना वाटतं की ४०० हॉर्सपॉवरची हवा जुन्या, कंपनीने दिलेल्या टर्बोतून जाणारच नाही. एकटा असता तर खरंच अवघड होतं. पण कंपाउंडमध्ये त्याच्या तोंडाशी हवा आधीच दाबून आलेली असते, त्यामुळे तेवढ्याच वजनाची हवा कमी जागेत मावते. मोठा दुप्पट दाब देत असेल तर ५३ पाउंड हवा, तिचं वाढलेलं तापमान धरूनसुद्धा, छोट्याच्या मॅपवर ३० पाउंडांसारखी वागते. म्हणून टोइंगसाठी पुष्कळदा जुनाच टर्बो छोटा म्हणून ठेवता येतो, आणि तो ठेवावाच असं माझं मत आहे, कारण चढावर १५०० ते २००० आरपीएममध्ये जो पटकन दम भरतो तो त्याच्यामुळेच. गिअर बदलल्यावर बूस्ट किती लवकर परत येतो यावर ट्रेलरवाल्याचा सगळा दिवस अवलंबून असतो. मी मध्यंतरी एकच मोठा टर्बो लावूनही बघितला होता, २००० च्या खाली नुसता काळा धूर आणि गाडी बसल्यासारखी.

मग माझ्या पहिल्या सेटअपमध्ये बिघडलं कुठे? हे मला गेज लावल्याशिवाय कळलंच नसतं. तीन ठिकाणी दाब मोजला: दोन टर्बोंच्या मधल्या पाइपात, इंटेक मॅनिफोल्डवर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये टर्बाइनच्या आधी, ज्याला ड्राइव्ह प्रेशर म्हणतात. चढावर १९०० ला एकूण बूस्ट ३२ आणि मधल्या पाइपात फक्त ४. म्हणजे मोठा जवळजवळ झोपलेला. इथे नुसती वजाबाकी करून चालत नाही, ४ मध्ये १४.७ मिळवा, ३२ मध्येही मिळवा आणि मग भागाकार करा, मोठ्याचा वाटा १.२७ पट आणि छोट्याच्या डोक्यावर २.५ पट. ड्राइव्ह प्रेशर ५५. बूस्ट ३२ आणि जळलेला गॅस बाहेर ढकलायला पिस्टनला ५५ चा जोर लावावा लागतोय, मग ताप उतरणार कसा? डिझेलचे पैसे एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये अडकून पडत होते. बूस्ट आणि ड्राइव्ह प्रेशर जितके जवळ जवळ तितकं इंजिन मोकळं श्वास घेतं, आणि ओढताना सलग चालणारा आकडा हाच बघायचा.

मोठ्याची टर्बाइन हाउसिंग इतकी ऐसपैस होती की १९०० ला येणारा एक्झॉस्ट तिला फिरवायला पुरतच नव्हता. शिवाय छोट्याचं वेस्टगेट (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून सोडणारं दार) बारीक आणि स्प्रिंग कडक, ते उघडतच नव्हतं. या वेस्टगेटकडे लोक फार दुर्लक्ष करतात. एका टर्बोच्या गाडीत वेस्टगेट उघडलं की ती ऊर्जा वाया गेली, पण कंपाउंडमध्ये छोट्याच्या गेटातून सुटलेला गॅस पुढे मोठ्याच्या टर्बाइनवरच जाऊन पडतो. म्हणजे ते गेट दोघांतली कामाची वाटणी ठरवतं. ते मोठं हवं आणि वेळेवर उघडायला हवं, नाहीतर वरच्या आरपीएमला सगळा एक्झॉस्ट छोट्याच्या बारीक टर्बाइनमधून घुसमटत जातो.

शेवटी ७५ चा काढला, ६६ मिलिमीटरचा लावला, त्याची टर्बाइन हाउसिंग लहान ए/आरची (गॅसची वाट अरुंद असलेली) घेतली, आणि छोट्याच्या गेटला मोठी वाट करून मऊ स्प्रिंग टाकली. तोच चढ, तोच ट्रेलर, १९०० ला एकूण बूस्ट तेवढाच ३२, पण मधल्या पाइपात १३. आता मोठा १.९ पट आणि छोटा १.७ पट. ड्राइव्ह प्रेशर ५५ वरून ३६ वर आलं आणि ताप ७२० वरून ६४०. बूस्ट एक पीएसआयनेही वाढला नाही, तरी ऐंशी डिग्री उतरले. सलग चढाला मी ६८० च्या वर काटा जाऊ देत नाही, पूर्वी ते पाय उचलूनच जमायचं.

उंचावर गाडी चालवणाऱ्यांनी एक गोष्ट नक्की हिशोबात धरा. २००० मीटरवर हवेचा दाब साडेअकरा पीएसआयवर येतो, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये तेवढाच दाब हवा असेल तर जे काम खाली तिप्पटीत व्हायचं त्याला वर ३.८ पट लागतात. एकटा टर्बो इथे धापा टाकतो. कंपाउंडचा सगळ्यात मोठा फायदा मला तिथेच जाणवला.

उताराचाही विचार टर्बो निवडतानाच करा. ज्यांचा जुना टर्बो व्हेरिएबल व्हेनचा (टर्बाइनभोवतीच्या पात्या उघडझाप होणारा) आहे आणि त्याच्याच व्हेन बंद करून एक्झॉस्ट ब्रेक (एक्झॉस्ट अडवून इंजिनानेच गाडी रोखणं) मिळतो, त्यांनी तो काढून साधा टर्बो लावायच्या आधी दहादा विचार करावा, सहा टन मागून ढकलत असताना तो ब्रेक म्हणजे जीव आहे. तो टर्बो छोटा म्हणून ठेवा आणि मोठा साधा लावा, फक्त ट्यूनिंग करणाऱ्याला व्हेनचं गणित नीट कळायला हवं. साध्या टर्बोसोबत वेगळा एक्झॉस्ट ब्रेक असेल तर व्हॉल्व्हच्या स्प्रिंग बघून घ्या, मागचा दाब जास्त झाला की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जागेवरून उचलले जातात.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. मोठ्या टर्बोचं वजन नुसत्या पाइपावर लोंबकळत ठेवू नका, इंजिनला पक्का ब्रॅकेट द्या, नाहीतर मॅनिफोल्डला तडा जातो. ऑइलचा ड्रेन पाइप जाड, सरळ आणि सतत उताराचा हवा, त्याला कुठे पोट पडलं की सीलमधून तेल गळायला लागतं आणि माणूस उगाच टर्बोला दोष देतो. होजना टी-बोल्ट क्लॅम्प लावा. इंटरकूलरचे टोकाचे टँक प्लास्टिकचे असतील तर त्यांच्यावर डोळा ठेवा. १५०० आरपीएमला भरपूर डिझेल आणि भरपूर बूस्ट एकदम देऊ नका, सिलिंडरमधला दाब तिथेच सगळ्यात वाईट चढतो, हेड गॅस्केट आणि कनेक्टिंग रॉड दोघांनाही ते झेपत नाही, आणि ऑटोमॅटिक असेल तर टॉर्क कन्व्हर्टरच्या क्लचला तर नाहीच नाही. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आणि ईजीआर (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात फिरवणारी यंत्रणा) काढून जागा करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, बऱ्याच देशांत ते सरळ बेकायदा आहे आणि मागे गाडी चालवणाऱ्याने तो धूर का खावा?

खरेदी करायच्या आधी ड्राइव्ह प्रेशरचं गेज आणि पायरोमीटर आहे त्या टर्बोवर लावून आपल्या नेहमीच्या चढाचे आकडे लिहून काढा, आरपीएम, गिअर, बूस्ट, ताप, सगळं. माझ्याकडे ते आधीचे आकडे असते तर ७५ चा टर्बो मी विकतच घेतला नसता.

माझे हेड स्टड (सिलिंडर हेड घट्ट धरून ठेवणारे बोल्ट) अजून जुनेच आहेत, त्यामुळे बूस्ट ३२ वरच बांधून ठेवलाय. ते बदलून झाले की छोट्याच्या गेटला आणखी एक मऊ स्प्रिंग टाकून मधल्या पाइपात १५ मिळतात का ते त्याच चढावर, त्याच ट्रेलरसकट बघणार आहे.