ला स्कालात फाच्चोला शोधताना

मिलानच्या गॅलेरियातून, म्हणजे काचेच्या छताच्या बाजारातून, चालत ला स्काला या ऑपेरागृहाच्या चौकात पोचलो आणि मनात आलं, एवढंसंच? बाहेरून हे नाट्यगृह एखाद्या जुन्या बँकेसारखं दिसतं. म्युझियमचं तिकीट काढून जिना चढलो, एका बॉक्समधून आत डोकावलो, आणि बोलतीच बंद झाली. लाल मखमल, सोनेरी कठडे, एकावर एक चढत गेलेले मजले. खाली वाद्यवृंदाच्या जागेत एक माणूस खुर्च्या लावत होता. पाय घासल्याचा आवाज वरपर्यंत स्वच्छ येत होता.

इथे सगळे येतात ते इटालियन ऑपेराचा बादशहा, संगीतकार वेर्दी, याच्यासाठी. मी आलो होतो फ्रांको फाच्चो या संगीतकार आणि वाद्यवृंद-संचालकासाठी.

हा मूळचा वेरोनाचा, जन्म 1840 चा. मिलानच्या कॉन्झर्वेटरीत, म्हणजे संगीत महाविद्यालयात, त्याचं आणि कवी-संगीतकार आर्रिगो बोईतोचं गूळपीठ जमलं. 1863 साली फाच्चोचा पहिला ऑपेरा ला स्कालात झाला. त्या आनंदात झालेल्या मेजवानीत बोईतोने कविता वाचली: इटालियन कलेची वेदी वेश्यागृहाच्या भिंतीसारखी बरबटली आहे, ती उजळणारा कदाचित जन्मालाही आला असेल! पन्नाशीच्या वेर्दीला हे चांगलंच झोंबलं.

मग आला 'आम्लेतो', म्हणजे आपला हॅम्लेट. शब्द बोईतोचे. 1865 मध्ये जेनोवात बरं स्वागत झालं, पण 1871 मध्ये ला स्कालात नेमका नायकाचाच आवाज बसला आणि प्रयोग साफ पडला. फाच्चोने तो मागे घेतला. पुन्हा ऑपेरा लिहिलाच नाही. वय जेमतेम तीस.

मला खरी गंमत वाटते ती पुढची. वर्षभरात तोच माणूस त्याच रंगमंचासमोर उभा राहिला, हातात छडी घेऊन, आणि बसवला कोणाचा ऑपेरा? वेर्दीचा. 'आयदा'चा इटलीतला पहिला प्रयोग. 1887 मध्ये 'ओतेल्लो'चा पहिलाच प्रयोगही त्याच्याच हाताखाली झाला; शब्द बोईतोचे, आणि चेलो वाजवणाऱ्यांत एकोणीस वर्षांचा तोस्कानिनी, पुढचा जगप्रसिद्ध वाद्यवृंद-संचालक! खालच्या त्या खुर्च्यांकडे मी बराच वेळ बघत राहिलो.

पुढे फाच्चोचं डोकं बिघडलं. 1891 मध्ये मोंझाच्या मनोरुग्णालयात तो वारला.

दुसऱ्या दिवशी मीही मोंझाची गाडी पकडली. शेजारच्या आजोबांनी माझ्याकडे बघून हाताने स्टिअरिंग फिरवलं, "फॉर्म्युला वन?"

फाच्चो समजावण्याइतकं इटालियन मला येत नव्हतं. मी मान डोलावली.