घराचं काम आणि बाबांच्या नावाचे पन्नास हजार

आमची इमारत १९९६ सालची, डोंबिवली पूर्वेला. घर ५४० चौरस फुटांचं. इतक्या वर्षांत दोनदा रंग दिला, बाकी कशाला हात लावला नव्हता. गेल्या पावसाळ्यात खालच्या काकूंनी मला घरी बोलावलं आणि काही न बोलता बाथरूमचं छत दाखवलं. पोपडे सुटलेले, मधोमध काळा डाग, खाली बादली ठेवलेली. पाणी आमच्या न्हाणीतून झिरपत होतं. त्याच रात्री ठरलं, यंदा काम काढायचंच.

पण त्याआधी एक गोष्ट ठरलेली होती, ती आधी सांगते.

बाबा, म्हणजे माझे सासरे, डिसेंबर २०२४ मध्ये गेले. त्याआधी नऊ महिने परळच्या टाटा रुग्णालयात उपचार चालू होते. डोंबिवलीहून फास्ट लोकलने दादर, तिथून टॅक्सी. संध्याकाळी परतताना रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर पथाऱ्या टाकलेली माणसं दिसायची. उशाशी फायलींची पिशवी, शेजारी सलाईनच्या सुईची पट्टी हाताला तशीच असलेला पेशंट. बाबा गाडीत बसले की बराच वेळ गप्प असायचे. एकदा म्हणाले, "आपल्याला परत जायला घर आहे गं."

रांगेत आमची जालन्याकडच्या एका कुटुंबाशी ओळख झाली. बारा-तेरा वर्षांचा मुलगा आणि त्याचे वडील. ते दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरले होते. गाडगेबाबांनी पंढरपूर, आळंदी, नाशिक अशा ठिकाणी धर्मशाळा उभारल्या हे शाळेत वाचलेलं होतं, पण तिथे राहणारं माणूस मला पहिल्यांदा भेटलं. "खोली मिळाली म्हणून पोराला इथवर आणता आलं," असं त्या वडिलांनी सांगितलं होतं. त्यानंतर बाबा प्रत्येक वेळी त्या मुलाची चौकशी करायचे.

दिवसकार्य झाल्यावर आई म्हणाल्या, "वर्षश्राद्धाला जेवणावळ नको. त्या पैशांत भर घाला आणि धर्मशाळेला द्या." कुटुंब निवृत्तिवेतनातले २०,००० त्यांनी काढून ठेवले. आम्ही दोघांनी जानेवारीपासून जूनपर्यंत दरमहा ५,००० बाजूला टाकले. झाले ५०,०००. बचत खातं वेगळं उघडलं, त्याचं एटीएम कार्डच घेतलं नाही.

आता घराच्या कामाचा हिशेब. तीन जणांकडून अंदाजपत्रकं घेतली. एकाने निम्मे पैसे आगाऊ मागितले, त्याला नाही म्हटलं. ज्याला काम दिलं त्याच्याशी ठरवलं ते असं: सुरुवातीला वीस टक्के, मग काम पुढे सरकेल तसे टप्प्याटप्प्याने, आणि शेवटचे दहा टक्के काम संपल्यानंतर महिन्याने. अंदाज आला तो वहीत असा उतरवला: तोडफोड आणि रॅबिट, म्हणजे तोडफोडीचा राडारोडा, टाकणं ३५,०००, बाथरूम-संडास १,४५,०००, फरशी १,२०,०००, स्वयंपाकघर १,६०,०००, वायरिंग ७०,०००, रंग ६०,०००. एकूण ५,९०,०००. त्यावर साधारण दहा टक्के अडीअडचणीला, म्हणजे ६०,०००. असे साडेसहा लाख.

पैसे कुठून आले तेही लिहिते, कारण याबद्दल कुणी मोकळेपणाने बोलत नाही. बँकेतली ठेव ४ लाख, बचत खात्यातले १,१०,०००, माझी भिशी ८०,०००, ह्यांचा बोनस ६०,०००. ठेव मोडावी की तिच्यावर कर्ज घ्यावं यात आमचे चार दिवस गेले. आमच्या बँकेत ठेवीवरचं कर्ज ठेवीच्या व्याजापेक्षा एक टक्का जास्त दराने मिळत होतं. ठेव मुदतीआधी मोडली तर व्याज कापलं जाणार होतं. ठेवीची मुदत दोन महिन्यांत संपत होती, म्हणून कर्ज घेतलं आणि मुदत पूर्ण झाल्यावर फेडून टाकलं. मुदत दोन वर्षं लांब असती तर मी ठेव मोडली असती.

दसऱ्यानंतर काम सुरू झालं. सोसायटीत १०,००० अनामत भरली, दुपारी दोन ते चार ठोकाठोकी बंद ठेवायची अट मान्य केली, आईंना कल्याणला नणंदेकडे पाठवलं. वही मात्र त्यांनी सोबत नेली. तारीख, काम, ठरलेले, दिलेले, बाकी, असे पाच रकाने. मी रोज रात्री फोनवर आकडे सांगायचे आणि त्या लिहून घ्यायच्या. एखाद्या दिवशी फोन राहिला तर सकाळी सातला त्यांचाच यायचा. हा रोजचा हिशेब नसता तर आम्हाला काहीच वेळेवर कळलं नसतं, असं मला आजही वाटतं.

भंगाराचं आधीच ठरवून ठेवा. जुन्या ग्रिल, पितळी नळ, तांब्याची वायर हे सगळं कंत्राटदार आपलं धरून चालतात. आम्ही करारात लिहून घेतलं होतं, म्हणून ६,३०० रुपये हाती आले.

फरशीच्या दुकानात पक्क्या बिलाशिवाय स्वस्तात देतो असं सांगण्यात आलं. १८ टक्के जीएसटी वाचणार होता, मोह झालाच. पण बिल नसेल तर फुटकी खोकी परत कोण घेणार, आणि कमी पडली तर त्याच बॅचची फरशी कशी मागणार? पक्कं बिल घेतलं, दहा टक्के फरशी जास्त घेतली, प्रत्येक खोक्यावरचा बॅच नंबर आणि शेड जुळवून पाहिली. सिमेंटच्या बाबतीत नशीब चांगलं, २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला होता.

मग न्हाणीची जमीन फोडली. कोबा निघाला आणि खाली बिडाचा पाइप दिसला, हाताने दाबला तर पापुद्रे निघावेत असा. स्लॅबच्या सळयांना गंज. मिस्त्री मला म्हणाले, "ताई, यावर नुसतं वॉटरप्रूफिंग केलं तर दोन वर्षांत पुन्हा तेच." पाइप बदलायला १९,०००, सळया साफ करून स्लॅब भरायला २९,०००. पुढच्याच आठवड्यात वायरमनने सांगितलं की अर्ध्या घराला अर्थिंगच नाही, त्याचे १४,०००. अडीअडचणीचे साठ हजार संपले, वर दोन हजार लागले. आणि काकूंचं छत राहिलंच होतं. त्याची दुरुस्ती आणि रंग २२,०००. काकूंनी तोंडाने मागितले नाहीत, पण ते देणं आमचं होतं. म्हणजे २४,००० कमी.

त्या रात्री हे म्हणाले, "बाबांच्या खात्यातले तूर्त घेऊ. दान पुढच्या वर्षी करू." चुकीचं काहीच बोलत नव्हते. पैसा घरातलाच, काम अडलेलं, बाबा असते तर त्यांनीही हेच सुचवलं असतं कदाचित. मीही मनातून तयार झाले होते. पण आईंना फोनवर आकडे सांगताना ते वाक्य माझ्याने बोलवेना. वहीत ते पन्नास हजार कामाच्या पानावर नव्हतेच, शेवटच्या पानावर एकटे लिहिलेले होते. त्यांना हात लावायचा तर त्यांना कामाच्या पानावर आणावं लागलं असतं, आणि एकदा आणले की पडदे, पंखे, सोफ्याचं कापड, सगळीच त्यांच्याकडे बघायला लागली असती.

मी ह्यांना विचारलं, स्वयंपाकघर १,६०,००० चं का आहे? आम्ही दोघांनी अंदाजपत्रक पुन्हा उघडलं. चकचकीत ॲक्रिलिकची दारं, चिमणी, कोपऱ्यात फिरणारी ट्रॉली. ही कोपऱ्यातली ट्रॉली एका नातेवाइकांकडे पाहिली होती, म्हणून मागितली होती. सगळं काढलं. ग्रॅनाइटचा ओटा, खाली मरीन प्लायवर साधं लॅमिनेट, भांड्यांसाठी तीन ट्रॉल्या, खिडकीत एक्झॉस्ट पंखा. १,१८,००० झाले. ४२,००० वाचले, तूट भरून १८,००० उरले. ते पुढे नळ, जाळी आणि पडद्यांच्या दांड्यांत गेले. पन्नास हजार जिथे होते तिथेच राहिले.

या काळात आणखी एक प्रश्न माझ्यापुढे आला. रॅबिट उचलायला दोन बायका यायच्या, डोक्यावर पाटी घेऊन तीन मजले उतरायच्या. त्यातली एक दिवाळीच्या तोंडावर म्हणाली, गेल्या दोन शनिवारचा पगार निम्माच मिळालाय. मी कंत्राटदाराला विचारलं, तर तो म्हणाला, तुमचा हप्ता आला की देतो. आमचा हप्ता सोमवारी द्यायचा होता. तो आम्ही शुक्रवारी दिला आणि शनिवारी त्या दोघींना पैसे मिळाले की नाही ते समोर उभं राहून पाहिलं. भंगाराचे ६,३०० कामावरच्या माणसांना दिवाळीसाठी वाटले. ह्यांच्या एका सहकाऱ्याने हेही दानच झालं असं म्हटलं. मला ते पटत नाही. ज्यांच्या घामावर आपलं घर उभं राहतंय त्यांचं देणं वेळेवर देणं हे दानात धरायला लागलो, तर खरं दान कधी सुरूच होणार नाही.

दिवाळीनंतर फरशीचे कारागीर छठला बिहारला गेले. ६ आणि ११ नोव्हेंबरला तिथे विधानसभेचं मतदान होतं, ते करूनच परतणार होते, म्हणून तीन आठवडे घरात नुसती वाळू आणि खोकी. त्या रिकाम्या दिवसांत न्हाणीत पाणी भरून ठेवलं, चांगलं ४८ तास. काकू सकाळ-संध्याकाळ छताला हात लावून बघायच्या. कोरडं राहिलं.

देण्याची चौकशीही तेव्हाच केली. फोनवर एकाने आजारी बाळाचा फोटो पाठवून लगेच पैसे मागितले होते. मी पॅन आणि नोंदणी क्रमांक विचारला, पुन्हा फोन आला नाही. म्हणून सांगते, धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, संस्थेचा पॅन, लेखापरीक्षण अहवाल, हे विचारायला संकोच करू नका. कर वाचवण्यासाठी देत असाल तर संस्थेची दानावर करवजावट देणारी नोंदणी (२०२५ मध्ये ती ८०-जी कलमाखाली होती) चालू आहे का पाहा. २,००० पेक्षा जास्त रोख दिलीत तर वजावट मिळत नाही, आणि वजावटीला संस्थेकडून दानाचं प्रमाणपत्र लागतं. आमच्या घरी मात्र ह्यांनी नवी करप्रणाली घेतलेली, त्यात ८०-जीची सवलतच नाही. हे कळल्यावर हे एवढंच म्हणाले, "बाबांनी कुठे करासाठी सांगितलं होतं!"

डिसेंबरमध्ये रंग पूर्ण झाला. वर्षश्राद्धाच्या दिवशी घरी फक्त पान वाढलं, आईंच्या हातची अळूची भाजी आणि खीर, नव्या ओट्यावर पहिल्यांदा केलेली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं दादरला गेलो. चेक दिला, दान बाबांच्या स्मरणार्थ, पावतीवर त्यांचं पूर्ण नाव घालून घेतलं. आईंनी ते दोनदा वाचलं. जिन्यात एक बाई लहान मुलाचं तोंड धूत होती, मुलाच्या डोक्यावर केस नव्हते. आई तिच्याजवळ थांबल्या, गाव कोणतं विचारलं. ती म्हणाली, हिंगोली. मग दोघी बराच वेळ बोलत उभ्या राहिल्या, आम्ही खाली वाट बघत होतो.

महिना झाल्यावर काकूंचं छत पुन्हा पाहिलं आणि कंत्राटदाराचे राहिलेले दहा टक्के दिले. आईंनी वहीत 'बाकी' या रकान्यात शून्य लिहिलं. मग पान उलटून शेवटच्या पानावर आल्या, पन्नास हजारांपुढे तारीख घातली आणि त्याखाली नवी ओळ काढली. ते खातं आम्ही बंद केलेलं नाही. जानेवारीच्या पाच तारखेला त्यात पहिले ५,००० पडले.