कमांडो ट्रेनिंगला जायचंय, वजन किती हवं?

दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत भरतीची तयारी करणाऱ्या पोरांचा हा प्रश्न ठरलेला. पॅरा एसएफ (सैन्याचे कमांडो) किंवा मार्कोसमध्ये (नौदलाचे कमांडो) जायचंय, तर काटा कितीवर पाहिजे? याचं उत्तर म्हणून एकच आकडा सांगणाऱ्या माणसापासून चार हात लांब राहावं.

भरतीच्या मेडिकलला उंची आणि वयाप्रमाणे वजनाचा तक्ता असतो, तेवढ्यापुरता काटा महत्त्वाचा. पण गावातून उठून थेट कमांडो कोणी होत नाही. आधी सैन्यात किंवा नौदलात शिरायचं, बेसिक ट्रेनिंग करायचं, मग स्वेच्छेने नाव द्यायचं. प्रोबेशनला, म्हणजे कमांडोंच्या निवडचाचणीला उभं राहिल्यावर तुमचं वजन पाठीवरचा पॅक, दोर आणि पाणी हेच तपासतात.

170 सेंटिमीटर उंचीचा मुलगा धरू. साधारण 62 ते 72 किलो ही त्याची कामाची पट्टी. आपल्याकडे 55 किलोची सडपातळ पोरं खूप, आणि ती 1.6 किलोमीटर झकास मारतात. अग्निवीरच्या मैदानात साडेपाच मिनिटांच्या आत आलात की 60 मार्क आणि बीमवर 10 पुल-अप काढले की 40, त्यामुळे हलकं असणं तिथे फायद्याचंच वाटतं. त्याच पोराच्या पाठीवर 25 किलो चढवा. ते त्याच्या वजनाच्या 45 टक्के होतात. 68 किलोच्या मुलाला तेच ओझं 37 टक्के पडतं. पहिले पाचसहा किलोमीटर फरक कळत नाही, नंतर हलक्या पोराची पाठ वाकते, पाऊल आखूड होतं आणि नडगी बोलायला लागते.

दुसऱ्या टोकाला जिममधली 88 किलोची दंड-छाती. दोरावर स्वतःचे 88 ओढायचे आणि पळताना प्रत्येक पावलाला त्याच्या दुपटी-तिपटीचा धक्का गुडघ्यांनी सोसायचा. शिवाय मोठं शरीर तापतं जास्त आणि निवतं उशिरा. कोकणात एप्रिल-मेमध्ये हे फार भोवतं. हवेत इतका दमटपणा असतो की घाम निथळतो पण सुकत नाही, आणि न सुकलेला घाम अंग थंड करत नाही. सकाळी साडेपाचला पळायला जावं ते यासाठीच. पळताना कोणी अडखळायला, बरळायला लागला तर तो ‘दमलाय’ असं समजू नका. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा.

पाणी किती प्यायचं याचा अंदाज काट्यावरच घ्या. पळण्याआधी आणि नंतर अंग पुसून, कमी कपड्यांत वजन करा. एक किलो घटलं म्हणजे सुमारे एक लिटर गेलं. लांब पळण्यानंतर नुसतं पाणी ढोसत राहणं घातक असतं. लिटरभर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढं साधं पुरतं. त्यात कोकम आगळ (कोकमाचा खारवलेला रस) घालायचं असेल तर मीठ कमी करा, आगळात ते आधीच असतं.

वजन वाढवायचं असेल तर आठवड्याला पाव किलो, उतरवायचं असेल तर अर्धा. याहून घाई केली तर वाढताना चरबी येते आणि उतरताना मांस जातं. प्रोटीन वजनाच्या किलोमागे 1.6 ग्रॅम धरा, म्हणजे 70 किलोला 112 ग्रॅम. पावडरच्या डब्याशिवाय ते आरामात होतं: मध्यम आकाराचे दोन बांगडे (35 ग्रॅमच्या आसपास), चार अंडी (24), अर्धा लिटर दूध (16), 50 ग्रॅम कुळथाची पिठी (11), मूठभर चणे (10), उरलेलं भात आणि नाचणीची भाकरी भरून काढतात. खरी पंचाईत 1 जून ते 31 जुलै, मासेमारी बंद असते तेव्हा. बरीच पोरं त्या दोन महिन्यांत पेज-लोणच्यावर येतात आणि वजन उतरलं म्हणून खूश होतात. सुका जवळा, सुके बोंबील चालतात, मात्र खारवलेलं असेल तर दोनदा पाण्यातून काढून घ्या. रोजचा कणा अंडी आणि कुळीथच ठेवा. भात सोडायचा सल्ला देणाऱ्यांचं ऐकू नका. ओझं घेऊन चालणाऱ्याला भात लागतो.

आता ओझ्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त दुखापती इथेच होतात. सॅकमध्ये कोरडी वाळू प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून भरा. लिटरभर वाळू साधारण दीड किलोची. खाली जुनी चादर कोंबा आणि वाळू वर, खांद्याच्या पात्यांमध्ये पाठीला चिकटून बसेल अशी ठेवा. वजन तळाला गेलं की सॅक मागे ओढते, तुम्ही पुढे झुकता आणि कंबर धरते. बोटांना मुंग्या आल्या तर पट्टे खांद्यातली नस दाबतायत; थांबून सैल करा, भार कमरेच्या पट्ट्यावर घ्या. सुरुवात 8 किलोने, आठवड्यातून एकदा, 5 किलोमीटर, पळायचं नाही, झपाझप चालायचं. दर दोन आठवड्यांनी 2 किलो वाढवा आणि वजनाच्या चौथ्या हिश्शावर थांबा. त्यापुढचं ट्रेनिंगमध्ये ते स्वतः चढवतात. वजन, अंतर, वेग यांतली एका वेळी एकच गोष्ट वाढवायची.

गावातली पाखाडी, म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांची वाट, ओझ्यासाठी उत्तम. चढताना दम लागतो, पण गुडघा मोडतो तो उतरताना. चढ सॅकसकट, उतार शक्यतो रिकाम्या पाठीने, नाहीतर एकेक पायरी सावकाश, पूर्ण पाऊल टेकवून. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरलं की पाखाडी बंद, डांबरी चढ पकडा.

पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत पळायची फॅशन आहे, फोटोही छान येतात. कोरड्या वाळूत पळायला दीडपटीहून जास्त ताकद जाते आणि पोटरी व टाचेची शीर ताणली जाते, म्हणून सुरुवातीला दहा मिनिटं पुष्कळ. ओहोटीची ओली, घट्ट वाळू बरी, पण ती समुद्राकडे कललेली असते. एकाच दिशेने पळत राहिलात तर एका कमरेवर भार येतो. जितकं गेलात तितकंच त्याच पट्टीवरून परत या. 1.6 साठीची खरी मेहनत मात्र कठीण जमिनीवर: 400 मीटरच्या सहा फेऱ्या, प्रत्येकी 80 ते 82 सेकंद, मध्ये दीड मिनिट चालणं, आठवड्यातून एकदाच.

मार्कोसचं स्वप्न असलेल्यांना वाटतं, आपण समुद्राकाठचे, पोहणं आपलं घरचंच. इथे फसगत होते. खारं पाणी गोड्यापेक्षा अडीच टक्के जड असतं. 70 किलोच्या माणसाला समुद्र तलावापेक्षा पावणेदोन किलो जास्त उचलून धरतो. समुद्रात निवांत तरंगणारा, चरबी नसलेला मुलगा तलावात दगडासारखा बुडतो आणि घाबरतो. तलावात हे तपासा: छाती भरून श्वास घ्या, उभ्यानेच अंग सोडा, हलू नका. पाणी कपाळाशी थांबलं तर ठीक. डोकं पूर्ण आत जात असेल तर छाती भरलेलीच ठेवून झटकन सोडायची आणि भरायची सवय करावी लागेल. दुसरी खोड म्हणजे डोकं वर काढून हात मारणं. खाडीत समोरचं दिसायला ते बरं, पण चारपाच किलोचं डोकं पाण्याबाहेर धरलं की पाय बुडतात आणि दहा मिनिटांत दम संपतो. तोंड पाण्यात घालून ब्रेस्टस्ट्रोक शिका, मग तेच शर्ट-पँट घालून करा.

हे सगळं कोणीतरी काठावर लक्ष ठेवून असतानाच. भराभर श्वास घेऊन पाण्याखाली किती वेळ राहतो याच्या पैजा लावू नका. अशाने आत शुद्ध जाते आणि वर कळतही नाही. जून ते सप्टेंबर समुद्र वर्ज्य, आणि ओहोटीला खाडीच्या तोंडाशी कधीच नाही.

पावसात ओले बूट घालून चाललात की चिखल्या होणारच. बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, पावडर लावा, मोज्यांचा दुसरा जोड सॅकमध्ये ठेवा. नडगीवर बोटाच्या टोकाएवढ्या जागी, हाडावरच दुखत असेल तर पळणं त्या दिवशी थांबवा आणि हाडाच्या डॉक्टरांना दाखवा. मलम चोळून तसंच रेटलेल्या नडगीचं हाड चिरतं आणि काही महिने हातचे जातात.

मेडिकलच्या तोंडावर पाणी तोडणं आणि लघवीच्या गोळ्या घेणं हा प्रकार सर्रास चालतो. काट्यावर दोन किलो कमी दिसतात, पण पायात गोळे येतात, मैदानात चक्कर येते, हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. तक्त्यापेक्षा तीन किलो जास्त असाल तर निदान सहा आठवडे आधी लागा: रात्रीचा भात निम्मा, फरसाण-वडापाव बंद, आठवड्यातले तीन दिवस चाळीस मिनिटं बोलता येईल अशा वेगाने पळणं.